आधी फडकं, मग पाना

शिक्रापुरात पाबळच्या रस्त्याला साखरबाईंचं सायकलचं दुकान आहे. पत्र्याचं, आठ बाय दहाचं. आत शिरताना उजव्या हाताला खिळ्याला एक फडकं टांगलेलं असतं. पावसाळ्यात भिजलेली सायकल घेऊन कुणी आलं, की बाई पान्याला हात लावत नाहीत. नुसतं फडक्याकडे बोट करतात.

“आधी पूस. रीम पूस, स्पोक पूस. टायर बोटानं चाचपून बघ, काच-काटा घुसलाय का. मग ये माझ्याकडं.”

“चाची, शिफ्ट का टाइम हो गया,” खोली करून राहणारा कंपनीतला एखादा कामगार गयावया करतो.

“कल शाम को टाइम था ना? गीली सायकल भिंतीला लावून झोपला, आन् आता माझ्यापुढं रडतो व्हय! चाकातले छर्रे सगळे गंजले बघ.”

आणि तो पुसतो. सगळेच पुसतात. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई दुकान विकून वडगाव रासाईला माहेरी जाणार. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात कुलूप काढलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला शिव्या घातल्या. त्याला चौदा वर्षं झाली. मागं एकदा चहावाल्या चांगदेवनं विचारलंही होतं, “साखरबाई, हे नाव कुणी ठेवलं वो तुमचं?”

“आत्यानं. तवा मला बोलता येत नव्हतं.”

श्रावणातल्या त्या मंगळवारी मात्र बाईंचा आवाज चौकापर्यंत गेला.

सकाळी नऊच्या सुमाराला शितल सायकल ढकलत आली. मळ्यातल्या वस्तीवरची पोर, बारावीतली. पोलीस भरतीची तयारी करते, रोज सहाला ग्राउंडवर धावायला जाते. आज तिचं कोपर सोललेलं आणि एक बाजू कानापर्यंत चिखलानं माखलेली.

“मावशी, ग्राउंडवरनं येताना ब्रेक लागंना. नाक्यावरच्या उताराला दोन्ही दाबले, तरी सायकल पळतच गेली. म्होरं कंटेनर आडवा. उडी टाकली म्हणून…”

मागोमाग पांढरी गाडी थांबली आणि तिचे वडील उतरले. जयसिंगराव. विकास सोसायटीचे चेअरमन, गावात यांच्या ओट्यावर ठरतं तेच ग्रामसभेत ठरतं. कडक इस्त्रीचा पायजमा-सदरा, पायात करकरणारी चप्पल.

“ब्रेकला नवं रबर टाका बाई. आन् ह्या बारीला जरा बरं टाका. ह्या महिन्यात दोनदा टाकलं, दोनदा गेलं. जमत नसंल तर तसं सांगा. आज ब्रेक लागला न्हाई, तर सायकल भंगारात घालनार. हिला पृथ्वीराज सोडंल गाडीवर.”

“आबा, दादा आठला उठतो. ग्राउंड सहाला असतं.”

“मग न्हाई जायचं ग्राउंडला. पोलीसच झाली पायजे असं कुठं लिवलंय?”

शितलनं हँडल घट्ट आवळलं. मुठी पांढऱ्या पडल्या. बाईंनी त्या मुठी बघितल्या आणि चाकापाशी उकिडव्या बसल्या. रीमवर बोट फिरवलं. बोट काळं. नाकाशी नेलं. वास ओळखीचा, ट्रॅक्टरच्या ऑइलचा.

याआधी दोनदा ही सायकल गड्यानं टेंपोत घालून आणली होती. दोन्ही वेळा रबर तेलकट, चकचकीत होऊन आलं होतं. बाईंनी ते पाहिलं होतं. चेअरमनची सायकल म्हणून गड्याच्या हाती फडकं दिलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं. आता पोरीच्या कोपरावरचं रक्त बघून त्यांचा राग उसळला. निम्मा तर स्वतःवरच होता.

“हे ऑइल कुणी लावलं?”

“म्या,” जयसिंगराव जरा अभिमानानंच म्हणाले. “पावसातनं आली की रीमला गंज धरतो. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल काढलेलं असतंय, तेच फडक्यानं चोळतो. नांगराच्या फाळाला लावतो तसं. कसं चमकतंय बघा!”

“चमकतंय?” बाई ताडकन उठल्या. “नांगराला ब्रेक असतो का, आबा? हे रबर रीमला धरतं म्हणून सायकल थांबती. तिथंच तुम्ही तेल चोळता! पायरीवर शेवाळ लावून पोरीला वरनं ढकलून दिलीत तुम्ही!”

“तोंड सांभाळून बोला, बाई.”

“न्हाई सांभाळत! टायरची कड बघा, तेलानं फुगून मऊ पडलीय. उद्या ती फुटंल, तवा टायरच्या नावानं बोंब मारा. तेल चेनला लावायचं, थेंब थेंब. रीमला साधं पाणी आन् कोरडं फडकं. दोन मिंटाचं काम! ते न्हाई केलं कुणी!”

“तुमचं रबरच हलकं हाय आन् मला शिकवताय?”

“हलकं हाय? बसा मग.”

“आँ?”

“बसा सायकलवर. समोर उतार हाय. खाली गटारीच्या कामाची वाळू पडलीय. तिच्या अलीकडं थांबवून दाखवा. थांबली तर मी दुकान बंद करते.”

चांगदेव किटली हातात धरून बाहेर आला. दुकानापुढं थांबलेले दोघे-तिघे कामगारही वळले. जयसिंगरावांनी आजूबाजूला बघितलं. आता मागं हटणं शोभलं नसतं. पायजमा सावरून ते लेकीच्या सायकलवर चढले आणि निघाले. अर्ध्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबले. पुन्हा दाबले. सायकल लोण्यावरून घसरल्यासारखी सुळकन गेली आणि चेअरमन वाळूच्या ढिगाऱ्यात गुडघ्यापर्यंत घुसले.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हसू नका!” बाई ओरडल्या. “नाक्यावर वाळू नसती. कंटेनर असतो.”

शितल धावत गेली. जयसिंगराव कपडे झटकत वर आले. चेहरा लालबुंद. कुणावर भडकावं ते त्यांना समजत नव्हतं. बाईंनी खिळ्यावरचं फडकं काढलं, साबणाच्या पाण्याची बादली पुढं सरकवली आणि फडकं त्यांच्यासमोर धरलं.

“मी गड्याला पाठवतो,” ते म्हणाले.

“ऑइल गड्यानं लावलं व्हतं का?”

“आबा, द्या, मी पुसते,” शितल पुढं झाली.

“तू बस गं! कोपर धू आधी,” बाईंनी तिला दामटलं. मग आवाज खाली आला, पण धार तशीच. “आन् चूक माझीबी हाय, आबा. दोनदा तेलकट रबर बघितलं आन् तुमच्या नावाला भ्याले. तवाच हे फडकं तुमच्या घरी धाडलं असतं, तर आज पोर चिखलात पडली नसती. ते मला झोपू द्यायचं न्हाई. तुम्ही तुमचं पुसा.”

जयसिंगरावांनी लेकीच्या सोललेल्या कोपराकडे बघितलं. मग त्यांनी फडकं घेतलं आणि उकिडवे बसले. पांढऱ्या बाहीवर काळा ओघळ आला.

“असं न्हाई. साबण लावा. स्पोकच्या बुडाशी घासा. तिथंच पाणी साचतं, तिथंच गंज धरतो. हां. आता कोरड्या फडक्यानं.”

पुढचं चाक आरशासारखं लख्ख झालं, तेव्हा बाईंनी नवी रबरं बसवली आणि चाकाला गिरकी दिली. शितलनं उतारावरून सायकल सोडली. मध्यावर पुढचा ब्रेक हळूहळू दाबला. ‘चींऽऽ’ करून सायकल ढिगाऱ्याच्या दोन हात अलीकडे उभी राहिली. चांगदेवनं किटली वर उचलली.

जयसिंगरावांनी कपाळावरचा घाम पुसला. हात काळा होता, कपाळही काळं झालं.

“जा बाई ग्राउंडला,” ते लेकीला म्हणाले. “उद्या सहाला जा.” मग साखरबाईंकडे न बघता, “झालं का आता?”

बाई पाना शोधत होत्या. त्यांचा राग अजून गेलेला नव्हता.

“मागलं चाक कोण पुसनार?”

चेअरमन पुन्हा उकिडवे बसले.