सरळ धाग्यातला बाक

लॉंड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून ताई रफू करायला बसते. पुढचं दुकान तिच्या धाकट्या भावाचं. तिच्या चष्म्याचा नंबर उणे सोळा. काम करताना ती चष्मा कपाळावर सरकवते, डावा डोळा मिटते आणि कापड उजव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरते. इतक्या जवळचं इतरांना धूसर दिसतं, तिला एकेक धागा सुटा दिसतो. बरोबरीच्यांना चाळिशी लागली तेव्हा तिने सगळ्यांची यथेच्छ थट्टा केली होती.

यंदा एका बँक मॅनेजरचा राखाडी कोट आला. खांद्यावर कसरीने खाल्लेलं, शर्टाच्या बटणाएवढं भोक. ताईने कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढले आणि दुपारपर्यंत भोक भरलं. मग न्याहाळलं, तर मधले धागे बाकदार. बोट फिरवलं तर सगळं सपाट लागत होतं. तिने डोळ्याचं ऐकलं आणि उसवलं. पुन्हा भरलं, पुन्हा उसवलं. तीन आठवडे हेच चाललं.

"ताई, कोट विणतेस की उसवतेस? साहेब दोनदा हेलपाटा घालून गेले," भाऊ म्हणाला.

"कापडच वाकडंय. गिरणीतले झोपेत विणत होते वाटतं."

भावाने आपला चष्मा लावला, कोट खिडकीशी नेला. "कुठंय वाकडं? पट्टी लावून बघ."

"तू मला शिकव आता."

तिने पट्टी लावली. पट्टीही मधोमध वाकली. पट्टी वाकडी आहे, असं मात्र तिला म्हणता येईना. तिने उजवा डोळा मिटून डावा उघडला. पट्टी सरळ होती, धागेही सरळ होते. तिने कोट बाजूला ठेवला आणि भावाला उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोबत यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करायला डोळ्यात थेंब घालून आत पाहिलं, फोटो काढले.

"जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, एवढ्यावर हे थांबत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा डोळा मागच्या बाजूला लांबलाय. आतला पडदा ताणून पातळ झालाय, त्याच्या बारीक रक्तवाहिन्याही ताणल्यात. पडद्याखालच्या थराला भेगा पडल्यात आणि तिथून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात, वरचा पडदा उचलला जातो. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

"म्हणजे विरलेलं कापड."

"साधारण तसंच."

"मग रफू करा की!"

"पडद्याला रफू नाही हो. इंजेक्शनने पाझर थांबवता येतो. गेलेली नजर किती परत येईल, ते आत्ता सांगता येणार नाही. कधीपासून दिसतंय असं?"

"तीन आठवडे."

"मग तीन आठवडे काय केलंत?"

"कोट उसवला."

एरवी एवढ्यावर भाऊ दिवसभर हसला असता. आज त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

डोळ्यात महिन्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं झाली. बाक कमी झाला, पण नजरेच्या मधोमध, नेमकं सुईचं टोक असतं तिथे, एक पुसट डाग उरला. बारीक काम आता उजव्या डोळ्याने होणार नव्हतं. डाव्याचा पडदाही पातळच, पण पाझर नाही. रोज एकेक डोळा झाकून सरळ रेघ बघायची आणि ती वाकडी दिसली तर त्याच दिवशी यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

आता डाव्या डोळ्याने काम करायचं म्हणून ताईने टेबल फिरवून उजेड दुसऱ्या बाजूने घेतला. तीस वर्षांची सवय हाताला सोडवेना. सुई दोन धागे सोडून पलीकडे पडायची. पहिल्या दिवशी तिने बोटं टोचून घेतली आणि भावाला उगाच फैलावर घेतलं. भोक भरायला या वेळी चार दिवस लागले.

मॅनेजरसाहेब काउंटरशी येऊन उभे होते. ताई कोट घेऊन स्वतः पुढे आली, पण तो त्यांच्या हातात न देता तिने भावापुढे धरला. आजवर तिने आपलं काम कुणाला तपासायला दिलं नव्हतं.

"सरळ आहे," भाऊ लगेच म्हणाला.

"चष्मा पूस आणि मग बघ," ताई म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

त्याने चष्मा पुसला आणि साहेबांना थांबवून कोट उजेडात नेला.