मागच्या अंगणातले गट्टू

काम संपलं की उरलेले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, टेम्पोत टाकून परत नेता येतात. किस्से मात्र न सांगता सोबत येतात! सौंसर-पांढुर्ण्यात लोकांच्या मागच्या अंगणात मी आणि माझा मिस्त्री कैलास इतकी वर्षं गट्टू बसवून राहिलो, की आता टपरीवर दिसलो तर लोक बाकावर सरकून जागा देतात.

*

पांढुर्ण्याच्या एका पोरानं मोबाइलवर परदेशातल्या फरसबंद अंगणाचा फोटो दाखवला. "मांगे मले असा पॅटिओ पायजे."

आतून त्याची आई ओरडली, "पाटा हाये ना रे घरी! वरवंटा फुटला, थो आण!"

*

सौंसरच्या एका गुरुजींच्या अंगणात मधोमध संत्र्याचं झाड. गुरुजी म्हणाले, "तोडा. डिझाइन बिघडून राहिलं."

त्यांच्या घरच्या काकूंनी झाडाखाली खाट टाकली आणि आडव्या झाल्या! आम्ही दिवसभर खाटेभोवती काम केलं. शेवटी कैलासनं झाडाला गोल आळं सोडून गट्टू वळवले. गुरुजी भुवया चढवून गोलाभोवती फिरून आले.

तेवढ्यात शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. "वा! हे गोल काढाची आयडिया कोनाची?"

गुरुजी ताठ झाले. "माझी!"

काकू उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

*

गट्टूंना नालीकडं थोडा उतार द्यावाच लागतो, नाहीतर पाणी साचतं. पण एका रिटायर्ड काकाजींचा हट्ट, "मले कॅरमबोर्डासारखं सपाट पायजे!" आम्ही मान डोलावली आणि उतार दिला.

शेवटच्या दिवशी काकाजींनी खिशातून लिंबू काढून खाली ठेवलं. लिंबू निघालं घरंगळत!

"हे काय करून ठेवलं बे?"

तितक्यात त्यांच्या मंडळींनी धुण्याची बादली उपडी केली. पाणी सरळ नालीत!

"अव माय! जलमभर खराट्यानं पानी लोटून राहिली मी. सपाट पायजे असन तं आता खराटा तुमी धरा!"

काकाजींनी लिंबू उचललं. "राहू दे उतार."

*

बोरगावच्या शीलाताईंना मुलीची हळद नव्या अंगणातच करायची होती. हळदीच्याच दिवशी दुपारी गट्टू मांडून झाले आणि ते दाबून बसवायचं मशीनच बंद पडलं! दुसरं मिळेना. न दाबलेल्या गट्टूंवर पाहुणे, पोरं, खुद्द नवरी चालणार. कोणी पडलं तर? मी मनातल्या मनात जामसांवलीच्या हनुमानाला नारळ बोललो.

शीलाताई रडवेल्या झाल्या. "भाऊ, आता कसं करता?"

कैलास म्हणाला, "ताई, डीजे आत्ताच लावा. आन् साऱ्या बायांना नाचाले बोलवा!"

मावश्या, आत्या, माम्या पदर खोचून उतरल्या. कैलास सांध्यांत रेती झाडत ओरडत होता, "आधी कडेनं! मामी, तिकडं कमी होऊन राहिलं!" मी दर गाण्यानंतर दोरी लावून लेव्हल पाहत होतो.

दिवस मावळला तेव्हा नवरी चौरंगावर बसली. चौरंग जरासुद्धा डुगडुगला नाही! मी आणि कैलास भिंतीला टेकून मटकन खाली बसलो. शीलाताईंनी आम्हा दोघांच्या गालांना हळद फासली, तरी उठवेना.

पुढच्याच आठवड्यात एक फोन आला.

"भाऊ, आमच्याही मांगे गट्टू बसवाचे हायेत. पन मशीन नका आनू. थ्या बायाच पाठवा!"