वरच्या मजल्यावरचा दिवा

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. ही वही माझ्यापुरतीच आहे, पण कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्या.

मी शहाड स्टेशनबाहेर हातगाडीवर भाजी विकते. माझी मुलगी लिफ्टच्या बटणांमागची इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवते. धंदा तिचा स्वतःचा. सामानाला पैसे माझ्या भावाने उसने दिले. देताना म्हणाला, "ताई, पोरीच्या नादाने गाडी विकायची पाळी आणू नकोस."

पहिलं मोठं काम कोपरीतल्या उंच इमारतीचं. घरी टेबलावर सगळं चाललं होतं. तिथे मात्र वरच्या मजल्यांवर बटण दाबलं की दिवा कधी लागे, कधी लागत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आज जमलं नाही तर कार्डं काढून न्या." मदतीला कुणी नव्हतं, म्हणून मी गेले.

जिन्यात डबा खाताना मी विचारलं, "बिघडलंय काय?"

"आई, सगळी कार्डं एकाच तारेवर बोलतात. एकेका खुणेला ठरलेला वेळ असतो. त्यात तारेकडे नेमकं कधी बघायचं, ते मी ठरवते. काटा डुलत असताना तू वजन वाचतेस का?"

"छे. थांबू दे की."

"आणि फार थांबलीस तर?"

"पुढचं गिऱ्हाईक पारड्यात बटाटे टाकतं."

"तेच. इथे तार लांब आहे, खूण वर जाऊन परत यायला वेळ लागतो. मी लवकर बघत होते. आता खुणेला जास्त वेळ देते आणि जरा उशिरा बघते. अगदी शेवटी नाही, कारण प्रत्येक कार्डाचं घड्याळ थोडं पुढेमागे असतं."

सेक्रेटरींनी ऐकलं. "म्हणजे लिफ्ट हळू चालणार?"

"लिफ्ट तशीच पळेल, काका. निरोप तेवढा सावकाश जाईल."

सगळ्या कार्डांत एकच सेटिंग लागतं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन मजल्यामजल्यावर फिरली. मग ती खाली थांबली आणि मला वर उभं केलं. भोवती सोसायटीची माणसं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. फोनवर तिने विचारलं, "लागला दिवा?"

मी मान हलवली.

"आई, लागला का?"

मी पुन्हा हलवली. मग ती हळूच म्हणाली, "आई, तू मान हलवतेयस ना?"

"हो," मी म्हटलं. "लागला. परत दाबलं, परत लागला!"

माणसं हसली. मीही हसले.

सोसायटीचे पैसे आले तसे आम्ही डोंबिवलीला भावाकडे गेलो. चहा होईपर्यंत मी त्याला तारेकडे कधी बघायचं ते समजावलं, तोंडाने, मोठ्याने. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग मी पैसे पुढे ठेवले. भाऊ म्हणाला, "मोजायचे कशाला?" तरी मी मोजले. पूर्ण होते.