अण्णांची गिरणी आणि माझा मुहूर्त

अण्णा गेले तेव्हा त्यांचा बॉयलर थंड होता.

तो मीच थंड ठेवायला लावला होता.

घाबरू नका, आमच्या बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत कुठल्या कारखान्यात काही झालेलं नाही. हा बॉयलर लॅपटॉपमध्ये आहे. ठोकळे रचून गावं वसवायचा तो गेम असतो ना, त्याला कुणीतरी वाफेच्या यंत्रांचा मॉड, म्हणजे जादा भाग, जोडलाय. त्यातला.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. हुलसूरला बी-बियाण्यांचं दुकान. त्यांची पल्लवी बेंगळुरूला नोकरीला लागली आणि जाताना बापाला हा गेम शिकवून गेली. रोज संध्याकाळी दोघं ऑनलाइन. ती तिकडून, हे दुकानातून.

व्हिडिओ कॉलवर अण्णांना "जेवलीस का?" याच्यापुढं काही सुचायचं नाही. गेममध्ये मात्र मनसोक्त भांडायचे.

"पप्पा, इंजिन टाकीला चिकटवा."

"चिकटवलंय की."

"आता दांडा. एक खण सोडून, समोर."

"मधी मोकळी जागा कामून? पट्टा न्हाई, काय न्हाई. फिरंल कसं?"

"फिरतं, पप्पा. सोडा तुम्ही."

अशी तांब्याची टाकी उभी राहिली. खाली चूल, नदीवरून पंप, टाकीच्या अंगाला इंजिनं, आणि दांड्याच्या टोकाला पिठाची गिरणी. गेममध्ये गहू आहे, ज्वारी नाही, याचं अण्णांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

सगळं जोडून झालं आणि मला फोन आला.

"दाजी, इंजिन चालू करायचंय. जरा दिवस बघा."

आता, मी संस्कृत शिकवतो. पंचांग मला येत नाही. पण आमच्या भागात संस्कृत येणाऱ्या माणसाला बोअर कुठं मारायची इथपासून सगळं येतं, असं धरून चालतात. अण्णांचा ट्रॅक्टर आणि फ्रीज, दोन्ही माझ्याच मुहूर्तावर घरी आले होते.

मी आवाज जड करून म्हणालो, "या आठवड्यात अग्निकार्य नको."

थट्टा होती. वाटलं, हसतील.

"बरं," म्हणाले.

गेममध्ये चूल मांडली की आपोआप पेटते. अण्णांनी तिच्यावर पाणी ओतून ती विझवली. मुहूर्ताआधी वाफ धरायला नको म्हणून.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मी अमावास्या सांगितली. मग नक्षत्र बरं नव्हतं. मग गुरू वक्री झाला.

बायको चिडली. "माझ्या भावाला कामून नाचवायलाव?"

"विद्वानाचं मत आहे ते."

"मग तिथं जाऊन द्या की मत. दिवाळीपासून उंबरा चढला न्हाईत त्याचा."

जाऊ म्हणालो. पेपर तपासायचे होते, मग पाहुणे आले, मग ऊन फार होतं.

आणि खरं सांगू का, मला त्या फोनची सवय झाली होती. मुहूर्त विचारून झाला की अण्णा तुरीवर बोलायचे, गुडघ्यांवर बोलायचे, पल्लवीच्या लग्नावर बोलायचे. इंजिन एकदा सुरू झालं असतं तर फोन कशाला केला असता?

शेवटी ग्रह संपले. एक गुरुवार दिला.

"मी स्वतः येतो, नारळ घेऊन."

"या की! भाकरी खाऊनच जावा."

मंगळवारी दुपारी दुकानात, खुर्चीतच, अण्णा गेले.

गुरुवारी मी हुलसूरलाच होतो. नारळ नव्हता.

आज वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर पल्लवीनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. वर्षभर तिनंही चूल पेटवली नव्हती.

टाकीसमोर एक लाकडी पाट दिसला.

"हा तुमचा, मामा." आत्याचा नवरा म्हणून मी तिचा मामा. "सूर्य कुठून उगवतो ते बघून पप्पांनी पूर्वेला तोंड करून मांडलाय."

मला ते सोसेना. म्हणालो, "पल्लवी, मला पंचांग येत नाही गं. सगळे दिवस मी मनानंच सांगितले."

"पप्पांना म्हाईत होतं."

"काय?"

"मीच म्हणायचे त्यांना, मामा फसवायलेत तुम्हाला, पेटवा की. तर म्हणायचे, 'मुहूर्त कोण बघायलंय? इंजिन काय एकट्यानं चालू करत्यात व्हय? दाजी येऊ दे.'"

ते मुहूर्ताची वाट बघत नव्हते.

बीदरहून हुलसूरला दिवसभर बस मिळते.

पल्लवीनं गेममध्ये माझ्या नावाचा ठोकळ्यांचा माणूस उभा केला, तो मी पाटावर नेला. त्याला मांडी घालता येत नाही, म्हणून उभाच ठेवला. अग्नीचं जे पाठ होतं ते म्हटलं. पोरांचे उच्चार सुधारण्यात माझा जन्म गेला, आज माझेच धड निघेनात. मग चकमक झाडली.

चूल पेटली. थोड्या वेळानं इंजिनाचा दट्ट्या हलला, आणि मधली जागा मोकळीच असताना समोरचा दांडा फिरायला लागला.

बायको ओल्या हातानंच स्वयंपाकघरातून आली. "अण्णाची गिरणी व्हय ही?"

तीही मग बघत बसली.

अण्णा, पीठ पडायला लागलंय. गव्हाचंच आहे, तेवढं माफ करा.

दाजी आलाय. त्याला माफ केलं नाहीत तरी चालेल.

या, अण्णा.