मुलाला घरी ठेवणारा दिवा

श्यांगताईला ती अक्कल मी दिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तिच्या नावाने बोटं मोडतेय असं कुणाला वाटायला नको.

नदीकाठच्या फूलिंग गावात, धक्क्यामागच्या गल्लीत आमची दारं समोरासमोर. तिचा नवरा नदीच्या खळाळात होडीसकट गेला, प्रेतही हाती लागलं नाही. मागे एकुलता एक बाओगेन. ताई मोहरीच्या कंदांचं लोणचं घालून पोट भरायची. मिठाने तिची बोटं बारा महिने सोललेली असायची. बाओगेन सतरा वर्षांचा झाला आणि एक दिवस म्हणाला, "मी मौ नाखव्याच्या होडीवर जाणार." मौ नाखवा म्हणजे त्याच्या बापाचा जुना सोबती.

ताई रडत माझ्याकडे आली. "एक नेला नदीने, आता दुसरा मागतेय. काय करू गं?"

"त्याला अफूचा दिवा लावून दे," मी म्हटलं. "माझ्या मामाने धाकट्याला असाच घरी ठेवला. दिव्याशेजारी आडवा पडलेला पोरगा ना जुगाराला जातो, ना नदीवर."

माझ्या पदरचं नव्हतं हे. चांगली चांगली घरं असंच करायची. आजोबांच्या काळी अफू परक्यांच्या जहाजांतून यायची, तिच्यापायी आमचा बादशहा त्यांच्याशी दोन लढाया हरला. मग आम्ही म्हटलं, परक्यांची भर का करायची? आणि आमच्याच डोंगरउतारावर लावली. एवढे आम्ही शहाणे!

ताईने उकळलेली अफू, म्हणजे चंडू आणला, नळी आणली, काचेचा दिवा आणला. संध्याकाळी मायलेक दिव्याच्या दोन बाजूंना आडवे व्हायचे. सुईवर चंडूची गोळी तीच भाजायची, नळीत बसवायची, आणि नीट ओढली जाते ना हे बघायला पहिला झुरका स्वतः घ्यायची. तो लहान असताना पेज फुंकून भरवायची, तसंच. पोरगा घरी राहिला. ती खूश होती आणि मी माझ्या अकलेवर खूश होते.

अशी अकरा वर्षं गेली. बाओगेनचे खांदे पडले, दात काळे झाले, लग्नाची बोलणी उंबऱ्यावरूनच परतली. मग फर्मान आलं, अफू बंद. शेतांतली रोपं उपटली गेली, शिपाई घरोघर नळ्या गोळा करत फिरू लागले. बाओगेनने आपली नळी स्वतःच त्यांच्या हातात दिली आणि आत येऊन म्हणाला, "आई, मला पलंगाला बांध. सुटू देऊ नकोस."

ताईने हात बांधले, मी पाय. दहा दिवस वांत्या, हगवण आणि शिव्या. "म्हातारे, तूच लावलीस ना? आता दे!" तो किंचाळायचा. ताई ऐकून घ्यायची, त्याचं अंग पुसायची, मधेच स्वयंपाकघरात जायची आणि शांत होऊन परत यायची. मला वाटायचं, रडायला जाते.

अकराव्या दिवशी त्याने दोन वाडगे पेज खाल्ली. "मौ नाखवा उद्या निघतोय," तो म्हणाला. "काठावरून होडीचा दोर ओढायची ताकद नाही, पण होडीवर भात शिजवीन म्हणतो. जाऊ?"

आता ही गळा काढणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "जा." आणि लोणच्याची बरणी बांधायला बसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

सकाळी धक्क्यावर ती बरणी त्याच्या हातात देताना जांभई देत होती. एक झाली, दुसरी झाली. नाकाडोळ्यांतून पाणी. अफू तुटलेल्याची ही जांभई आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं.

"आई," बाओगेन म्हणाला, "तूही?"

"छे रे, गारठा आहे."

तिला उभं राहवेना. मी तिला पायरीवर बसवलं, तेव्हा तिने सांगितलं. नळी शिपायांनी नेली, पण नळीत आत साचणारी अफूची खरवड तिने वर्षानुवर्षं पुडीत जपली होती. ते दहा दिवस ती चहातून घेत होती. पुडी काल संपली. अकरा वर्षं रोजचा पहिला झुरका तिचा; सवय त्याला तशी तिलाही जडली होती.

"येतोस का रे," मौ नाखवा ओरडला, "की अजून आईचं दूधच प्यायचंय?"

"जा ना मेल्या!" ताईने त्याला ढकललं. "माझ्याकडे काय बघतोस? होडी सुटतेय!"

त्याने गाठोडं खांद्याला अडकवलं, आईला पाठुंगळी घेतलं आणि पायऱ्या चढू लागला. होडी सुटली.

त्याने तिलाही बांधून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिची नाडी लागेना, म्हणून सोडली. आता चंडू चोरून येतो. संध्याकाळी समोरचं दार बंद होतं आणि फटीतून उजेड दिसतो. गोळी आता बाओगेन भाजतो. घरीच असतो, कुठे जात नाही.

पहिला झुरका कोण घेतं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.