सावंतमावशींचं हिरवं बटण

"बोल बाय, काय दुखता?"

मुलुंडच्या त्या धर्मादाय दवाखान्यात फोन वाजला की सावंतमावशी 'हॅलो' म्हणायच्याच नाहीत. थेट दुखण्यावर. पेशंट गुडघ्यापासून सुरू व्हायचा तो सुनेपर्यंत पोचायचा, आणि वेळ देण्याआधी मावशी विचारायच्या, "जेवलंस मा?" एकेका अपॉइंटमेंटला अर्धा तास! तोवर बाकीचे लाइन लागत नाही म्हणून बोंबलत.

म्हणूनच तर संस्थेने वेबसाइट नव्याने करायला मला बोलावलं. वाटलं, ही बाई आपल्याला पाण्यात पाहणार. कसलं काय! मावशी खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, भांडुपच्या खोलीत एकट्या. दृष्टी गेलेल्या एका आजोबांना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. आजोबांचा मोबाइल पडद्यावरचं वाचून दाखवायचा. आमच्या पानावर तो नुसता "बटण, बटण, बटण" करत राहिला. मावशी हसून हसून लाल.

"अगो, बटणाक नाव नको? हाक कशी मारतलंस?"

मग प्रत्येक बटणाला नाव दिलं, अक्षरं मोठी केली. खाली ठसठशीत हिरवं बटण, 'वेळ घ्या'. ते नाव मावशींचंच.

वेबसाइट सुरू झाली आणि फोन गप्प झाला. मावशी मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या, चालू आहे ना बघायला. "लोकांचो त्रास वाचलो, बरा झाला," म्हणायच्या. थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं.

एका गुरुवारी दुपारी माझा फोन वाजला. "बाय, माका वेळ घेवची आसा. ता बटण दिसणा नाय."

स्वतः नाव ठेवलेलं बटण दिसत नाही? जिभेवर आलेलं गिळलं आणि विचारलं, "मावशी, काय दुखतंय?"

"काय नाय गो." मग म्हणाल्या, "सकाळपासून कोणाशी बोलूक नाय."

मीही बोरिवलीत एकटीच राहते, घरूनच काम करते. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मीसुद्धा कुणाशी बोलले नव्हते. मग दर गुरुवारी आमचं ठरूनच गेलं. त्या बटण शोधायच्या, मी "अजून खाली, मावशी" म्हणायची. मध्ये भांडुपच्या नळापासून मालवणच्या सोलकढीपर्यंत सगळं येऊन जायचं. बटण दाबायचं मात्र नाही, उगाच कुणा आजाऱ्याची वेळ जायला नको. शेवटी त्या म्हणायच्या, "गावला! पण फोन ठेवू नको हां."

गेल्या माघात मावशी गेल्या. शेजारणीने कळवलं. फार एकटं वाटलं, अजून वाटतं.

वेबसाइट झकास चालते. सगळी बटणं आपापलं नाव सांगतात, कुणाला फोन करून विचारायची गरजच पडत नाही. गुरुवारी दुपारी मी ताटाशेजारी मोबाइल ठेवते आणि जरा उशिराच जेवायला बसते. कुणी विचारलंच, तर अजून जेवले नाही म्हणून सांगता यावं.