वहिनीचं काहून

आमच्या घरी अभ्यासाला फार मान होता. म्हणजे त्या अभ्यासात काय चाललंय ते कुणाला कळत नसे, पण मी पुस्तक घेऊन बसले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा. पाहुणे आले तर आई त्यांना दारातच दबक्या आवाजात सांगायची, पोरगी अभ्यास करून राह्यली. मारेगावजवळच्या आमच्या गावात बहुतेक सगळे कापूस, तूर करणारे. वावरात जितकं राबावं तितकं काम डोळ्यांना दिसतं, आणि अभ्यासही त्याच मापानं मोजला जायचा. बाबा चौकात कौतुकानं सांगत, सकाळी बसते ते दिवेलागणीलाच उठते. मार्कांचं कुणी विचारलंच तर म्हणत, येतीलच की.

मी वणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. हिवाळी परीक्षेआधी दिवाळीला घरी आले, आणि रसायनशास्त्राचं पुस्तक पिवळ्या पेनानं इतकं रंगवलं की ते हळदीला बसल्यासारखं दिसायला लागलं. ऐन वेचणीचे दिवस, तरी मला वावरात कुणी बोलावलं नाही. माझ्या वाटणीचा कापूस वहिनीनं वेचला. वहिनी म्हणजे दादाची बायको, माझ्याहून थोडीच मोठी, बारावी झाल्याझाल्या लग्न होऊन आलेली.

त्या परीक्षेत मी रसायनशास्त्रातच नापास झाले.

कुणी रागावलं नाही, तेच जास्त वाईट होतं. आईच्या मते पेपर तपासणाऱ्याचंच काहीतरी चुकलं होतं. बाबा दोन दिवसांनी म्हणाले की एवढं बसूनही जमत नसेल तर उगाच ओढाताण कशाला. पुढच्या हिवाळ्यात तोच पेपर पुन्हा देता येणार होता. त्यातही नापास झाले तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि मग शिक्षण सोडून घरी यायचं, असं ठरलं. मी घाबरले. माझ्याकडे उपाय एकच होता, आणखी बसायचं.

पुढची दिवाळी आली तेव्हा सगळ्या गावाचा कापूस एकदम फुटला आणि वेचायला बाया मिळेनात. आई नको नको म्हणत असताना मी वहिनीबरोबर निघाले. त्यात त्यागबिग काही नव्हता, मला त्या पुस्तकाचा वीट आला होता. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून तिच्या शेजारच्या ओळीला लागले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, एवढं असतं तरी काय त्या पुस्तकात? मी ऐटीत सांगितलं की मीठ पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही, असलं असतं.

"काहून?" वहिनी म्हणाली. आमच्याकडे ‘का’ला काहूनच म्हणतात.

मी पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. वहिनीचे हात बोंडांवरून फिरत होते.

"हे तं नाव झालं. पण काहून?"

रंगवलेलं पान डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यातला अर्थ मात्र कधी माझ्यापर्यंत आलाच नव्हता. राग आला तो वहिनीचा. आधी वेचणी पाहा, असं मी फणकाऱ्यानं म्हटलं. तिनं मनावर घेतलं नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं ते रंगवायला नाही, उत्तर शोधायला. दुसऱ्या दिवशी तिला समजावलं. तिनं त्यावर आणखी एक काहून ठेवलं. मग रोज तेच सुरू झालं. कधी तिचं काहून इतकं आडवं असायचं की पुस्तकही हात टेकायचं, तेव्हा आम्ही दोघी अंदाज लावायचो आणि हसायचो. एकदा वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून पाणी पिताना तिनंच मला सगळं मीठ उलगडून सांगितलं, पाणी कसं मिठाला दोन्हीकडून ओढतं आणि तेल कसं ओढतच नाही. त्या दिवशी काहून विचारायची पाळी माझी होती.

बसणं कमी झालं म्हणून आई धास्तावली होती. खरं तर मीही. जे एवढं हसत हसत चाललं होतं त्याला अभ्यास म्हणायला जीभ रेटत नव्हती.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा सगळे अंगणात होते. मी पास झाले होते, आणि सगळ्यात जास्त मार्क रसायनशास्त्रालाच होते. आईनं डोळे पुसले. बाबांनी ते मार्क दोनदा वाचून घेतले.

"वावरात गेली अन् पास झाली," ते म्हणाले. "मंग मागच्या वर्षी घरात कायले बसवली होती?"

सगळे हसले. वहिनी भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातांनीच दारात आली होती.

"अन् मले किती भेटले?" तिनं विचारलं.

सगळे पुन्हा हसले. वहिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत उभी होती.